न वाजणारी बासरी

ऑक्टोबर २००६मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्तीज या लिलावघराने ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकेच्या सामानाचा तीन दिवस लिलाव केला. मूळ मालिकेला चाळीस वर्षं झाली होती आणि स्टुडिओच्या गोदामातल्या हजाराच्या घरातल्या वस्तू बाहेर काढल्या होत्या. गणवेश, खुर्च्या, शस्त्रं, परग्रहवासीयांचे मुखवटे. एंटरप्राइझ-डी या यानाचं मोठं मॉडेल ५ लाख ७६ हजार डॉलरना गेलं. त्याचं फारसं नवल नव्हतं, कारण ते यान म्हणजे मालिकेचा चेहराच. नवल वाटलं ते एका बासरीचं. वीतभर लांबीची, धातूच्या रंगाची, टोकाला गोंडा लटकवलेली. तिला हजार-बाराशे डॉलरच्या वर कुणी देईल असं लिलाव करणाऱ्यांना वाटलं नव्हतं. ती ४८ हजार डॉलरना गेली.

आणि ती बासरी वाजत नाही. नटाने हातात धरून वाजवल्याचा अभिनय करावा एवढ्यासाठीच ती बनवलेली. सूर वेगळ्या वादकाचे, वेगळ्या ठिकाणी ध्वनिमुद्रित केलेले.

ज्यांनी ‘द इनर लाइट’ हा भाग पाहिलाय त्यांना ही किंमत मुळीच जास्त वाटत नाही. मलाही वाटत नाही. या एका भागावर लोकांचा इतका जीव का जडला, हा प्रश्न माझ्या डोक्यात कैक वर्षं आहे. त्याबद्दल आज जरा सविस्तर लिहिते.

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या मालिकेच्या पाचव्या सीझनमधला हा शेवटून दुसरा भाग, जून १९९२मध्ये अमेरिकेत प्रसारित झालेला. कथा मॉर्गन गेंडेलची, पटकथा त्याची आणि पीटर अ‍ॅलन फील्ड्सची, दिग्दर्शन पीटर लॉरिट्सनचं. यानाला अवकाशात एक अनोळखी शोधयान भेटतं. त्यातून एक किरण सुटतो, कॅप्टन जाँ-लूक पिकार्डला लागतो आणि तो जागच्या जागी कोसळतो. डोळे उघडतात तेव्हा तो कटान नावाच्या ग्रहावर रेसिक नावाच्या गावात असतो. समोर एक बाई. ती म्हणते, तू कामिन, लोखंड विणणारा कारागीर. मी तुझी बायको, एलीन. तू तापाने आजारी होतास.

आधी तो अर्थातच मानत नाही. पाच वर्षं जातात तरी रात्री आकाश न्याहाळत बसतो, आपलं यान कुठे असेल ते शोधतो. पण एलीन समजूतदार आहे. ती त्याला वेडा म्हणत नाही, तशी कायम थांबूनही राहत नाही. एके दिवशी सरळ विचारते, की त्या दुसऱ्या आयुष्याबद्दल तू कितीदा बोललास, पण या आयुष्याचं काय? त्या रात्री पिकार्ड कामिन व्हायचं ठरवतो. मग मुलगी होते, मुलगा होतो. मुलाच्या बारशाला तो बासरी वाजवतो. जिवलग मित्र बटाई गेलेला असतो, मुलाला त्याचंच नाव ठेवतात. मुलगी मेरिबोर मोठी होऊन बापासारखीच मातीचे नमुने तपासते, आणि दोघांनाही कळून चुकतं की पाऊस परत येणार नाही. सूर्यच बदलतोय. ग्रह वाचणार नाही.

मग एलीन जाते. बासरीच्या खालोखाल लोकांच्या मनात राहिलेली गोष्ट इथली आहे, ती म्हणजे त्याचे बूट. सुरुवातीपासून तिची तक्रार असते, की तू बूट कुठेही टाकतोस. मरताना ती नवऱ्याला तेवढंच बजावते, बूट जागेवर ठेवत जा. बस. प्रेमाबद्दल एक शब्द नाही. आकाशगंगा, किरण, मरणारा सूर्य हे सगळं मांडून लेखकाने मरणाच्या दारातल्या बाईच्या तोंडी बूट दिले. दीर्घ संसार ज्याने जवळून पाहिलाय त्यालाच हे सुचू शकतं. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी हा भाग काकू गेल्यानंतर पाहिला. त्यांना बाकी गोष्ट नीट आठवत नाही, बूट आठवतात.

शेवटी म्हातारा कामिन गावाबरोबर चौकात येतो. एक अग्निबाण सोडणार असतात. कसला, ते त्याला ठाऊक नसतं. तेवढ्यात गेलेली माणसं समोर येतात, तरुण, हसती. बटाई येतो, एलीन येते. ते सांगतात की आम्ही हजार वर्षांपूर्वीच संपलो. हा अग्निबाण म्हणजेच तुला सापडलेलं शोधयान. कुणीतरी आम्हाला ओळखणारं हवं होतं, म्हणून ते सोडलं. ज्याला ते सापडायचं होतं, तो तूच. आता आमच्याबद्दल लोकांना सांग.

पिकार्ड यानाच्या नियंत्रणकक्षात जागा होतो. जवळजवळ चाळीस वर्षांचा संसार झालेला असतो आणि घड्याळात गेलेली असतात पंचवीस मिनिटं. शोधयान उघडलं तेव्हा त्यात एक छोटी पेटी मिळाली. त्याचा सहकारी रायकर ती आणून देतो. आत बासरी. पिकार्डला ती वाजवता येते. यानावरच्या पिकार्डला कधी येत नव्हती, पण कामिनला येत होती. जे चॅटवेने बांधलेली ती चाल साधीच आहे, मोजक्या सुरांची, लहान मुलाला जोजवताना गुणगुणावी अशी. भाग तिथेच संपतो. पिकार्डच्या तोंडी एकही वाक्य नाही.

प्रतिक्रिया लगेच आली आणि फार मोठी आली. १९९३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात या भागाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. ह्यूगोला परीक्षक मंडळ नसतं. संमेलनाचे सभासद, म्हणजे वाचक आणि प्रेक्षकच, मत देतात. स्पर्धेत ‘अलाद्दीन’, ‘एलियन ३’, ‘बॅटमॅन रिटर्न्स’ आणि कोपोलाचा ‘ड्रॅक्युला’ होता. त्या चारही चित्रपटांमागे कोट्यवधी डॉलर होते. त्यांच्यासमोर दूरदर्शन मालिकेचा पाऊण तासाचा भाग, ज्यात ना लढाई, ना खलनायक. ‘स्टार ट्रेक’च्या एखाद्या भागाला ह्यूगो मिळाला होता तो त्याआधी १९६८मध्ये. मध्ये पंचवीस वर्षं गेली.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मत देणारे लोक विज्ञानकथेचे कट्टर वाचक होते. यंत्र कसं चालतं, किरणाचा सिद्धांत काय, असले प्रश्न विचारणारे. त्यांनी तसे प्रश्न विचारलेही. सगळ्यात नेहमीचा आक्षेप असा : हे लोक जेमतेम लहान अग्निबाण उडवायला शिकले होते, आणि त्यांनी परक्या प्रजातीच्या मेंदूत चाळीस वर्षांचं आयुष्य उतरवणारं यंत्र बनवलं? आक्षेप रास्त आहे. पटकथेत त्याला उत्तर नाही. ओढूनताणून उत्तर देणारे लोक भेटतात, मी त्यांच्यातली नाही. ते भगदाड आहे आणि राहील. तरीही त्याच लोकांनी याच भागाला मत दिलं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एका माणसाला न विचारता त्याच्या डोक्यात अख्खा संसार घालायचा, बायकामुलं द्यायची आणि मग काढून घ्यायची, हे क्रूर नाही का? भागातच त्याची खूण आहे. यानावरचे सहकारी किरण तोडायचा प्रयत्न करतात, तेव्हा पिकार्डचा जीव जायची वेळ येते आणि तिकडे मुलाच्या बारशातच कामिन कोसळतो. म्हणजे सुटका करू पाहणारे हात आणि बारशाला जमलेले हात एकाच माणसाला दोन बाजूंनी ओढतात. मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे. रेसिकच्या लोकांनी पिकार्डवर अन्याय केला. पण नामशेष होणाऱ्या माणसांकडे परवानगी मागण्याइतका वेळ आणि समोर कुणी माणूस, दोन्ही नव्हतं. अन्याय आणि विनंती एकाच कृतीत असू शकतात. हा भाग तो गुंता सोडवत नाही, म्हणूनच त्यावर तीस वर्षं बोललं जातंय.

आणि तिसरी तक्रार, चाहत्यांची सगळ्यात हळवी : पुढच्या भागात पिकार्ड पहिल्यासारखा कसा? ज्याने म्हातारपण भोगलं, बायकोला अग्नी दिला असेल की माती, मुलांना मरणाऱ्या ग्रहावर सोडून आला, तो माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा खुर्चीत बसून हुकूम सोडतो? तेव्हाची दूरदर्शन मालिका अशीच चालायची. प्रत्येक भाग स्वतंत्र, कुठूनही बघायला घ्या. मालिकेच्या लेखकवर्गातल्या रोनाल्ड मूरने नंतर मोकळेपणाने सांगितलं, की आम्ही एक चांगला तास लिहायला बसलो होतो, असा अनुभव माणसाला मुळापासून हलवून टाकेल हे आमच्या लक्षात उशिरा आलं. मला हे वाचून लेखकांबद्दल आदरच वाटला. पण त्यांच्या आधी ते लोकांच्या लक्षात आलं होतं. कामिनचं काय झालं, हा प्रश्न प्रेक्षकांनी सोडलाच नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. एलीन आणि बटाई ज्या कॅमेऱ्याकडे बघून ‘आमच्याबद्दल सांग’ म्हणतात, त्या कॅमेऱ्याच्या पलीकडे पिकार्ड तर असतोच, पण आपणही असतो. मालिका पुढे निघून गेली. सांगायचं काम प्रेक्षकांनी उचललं. त्यांनी ती चाल टिन व्हिसलवर बसवली, स्वरलिपी करून एकमेकांना दिली, कुणी लग्नात वाजवली, कुणी वडलांच्या अंत्यविधीला. जो ग्रह कधी नव्हताच, त्याच्या एका गावातलं बारशाचं गाणं आज खऱ्या बारशांत वाजतं. याला नुसतं वेड म्हणून सोडून देणारे लोक मला कळत नाहीत. कुणीतरी विनंती केली आणि लोकांनी ती मान्य केली, इतकं ते सरळ आहे.

हे मला कळलं ते आज्जीमुळे. आज्जीचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. उजनीचं धरण १९८०मध्ये पूर्ण झालं आणि गाव पाण्यात गेलं. कमी पावसाच्या वर्षी पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, लोक होड्यांतून बघायला जातात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. आज्जीच्या गावाचं असं वर येण्यासारखं काही नव्हतं. तिच्याकडे गाव होतं ते फक्त बोलण्यात. कुणाच्या परड्यात कुठलं झाड, कोणत्या विहिरीचं पाणी मचूळ, चावडीसमोर कुणाचा बैल मारका. आम्ही नातवंडं ऐकून कंटाळायचो.

एकदा सुट्टीत मी हा भाग लॅपटॉपवर लावला होता. आज्जी शेजारी शेंगा फोडत बसली होती. इंग्रजी तिला येत नव्हतं, मी मधूनमधून सांगत होते. अवकाशयानाकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. रेसिक आलं तशी ती बघायला लागली. गावच्या चौकात एक रोपटं असतं. दुष्काळ पडलेला, पाणी मोजून मिळतं, तरी प्रत्येक घर आपल्या वाट्यातलं थोडं त्या झाडाला घालतं. ते मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “दुष्काळात झाडाला पाणी घालत्यात, म्हंजी मानसं चांगली हायेत.” पुढे बराच वेळ शेंगांचा आवाज तेवढा येत होता. शेवटचा प्रसंग आला, सगळं गाव चौकात जमलं, आणि मी काही सांगायच्या आत तिने विचारलं, “गाव गेलं का गं त्यांचं?”

मी हो म्हटलं. पिकार्डबद्दल ती म्हणाली, “मग आता त्या टकल्याला सांगत बसावं लागनार.”

विज्ञानकथेच्या कुठल्याही समीक्षकाने या भागाबद्दल इतकं नेमकं बोललेलं मी वाचलेलं नाही. गाव गेलं की मागे राहिलेल्याला काम लागतं. ते काम तिने हयातभर केलं होतं, आणि आम्ही कंटाळत होतो. आता ती नाही. त्या परड्यांतली झाडं मला बरीचशी पाठ आहेत, चावडीसमोरचा बैल पाठ आहे, आणि माझ्या भाच्याला मी ते सांगते.

आपल्याकडच्या जुन्या वाचकाला या भागात ओळखीचं काहीतरी दिसेलच. योगवासिष्ठात लवण राजाची गोष्ट आहे. दरबारात एक ऐंद्रजालिक येतो, मोरपिसांचा कुंचा फिरवतो, आणि राजा सिंहासनावर बसल्या जागी थिजतो. दोन मुहूर्तांत भानावर येतो, पण त्या वेळात त्याने विंध्याच्या रानात चांडाळाच्या मुलीशी लग्न करून अख्खं आयुष्य काढलेलं असतं, मुलं वाढवलेली असतात, दुष्काळात पोरांची उपासमार पाहिलेली असते. गोष्टीत पुढे एक विलक्षण वळण आहे. राजा दुसऱ्या दिवशी उठून विंध्याकडे जातो आणि ते गाव त्याला सापडतं. तिथे त्याची सासू गेलेल्या माणसांसाठी रडत असते. म्हणजे पेटीतली बासरी तिथेही आहे.

वसिष्ठांना ही गोष्ट रामाला सांगायची आहे ती मनाचा खेळ दाखवायला. काळ, स्थळ, नातं, सगळं मनातून उगवतं, तेव्हा त्यात अडकू नकोस. तत्त्वज्ञान म्हणून ते मोठंच आहे. पण माझं मन प्रत्येक वाचनात त्या रडणाऱ्या सासूपाशी थांबतं. तिचं पुढे काय झालं? ‘द इनर लाइट’ पाहून रडणारे लोकही त्याच बाजूचे आहेत असं मला वाटतं. चाळीस वर्षं आभासात गेली, तरी त्यातली माणसं खरी होती, हजार वर्षांपूर्वी का होईना, हे भाग ठासून सांगतो आणि त्यांच्या वाटणीचा शोक आपल्याला करू देतो. वैराग्याकडे नेणारी गोष्ट इथे ऋणाकडे वळते. मला हे वळण जास्त जवळचं वाटतं.

आणखी एक धागा थेट मुंबईला येऊन भिडतो. भागाचं नाव गेंडेलने बीटल्सच्या एका गाण्यावरून घेतलं. ते गाणं जॉर्ज हॅरिसनचं, ‘लेडी मॅडोना’च्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला १९६८मध्ये आलेलं. त्याचं वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित झालं जानेवारी १९६८मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत. सरोदवर आशीष खाँ होते, बासरी हरिप्रसाद चौरसियांची असं सांगितलं जातं. शब्द ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथावर बेतलेले, दाराबाहेर पाऊल न टाकता जग जाणता येतं अशा अर्थाचे, आणि ते हॅरिसनला सुचवले केंब्रिजमधले संस्कृतचे अभ्यासक हुआन मास्कारो यांनी. चिनी विचार, संस्कृतचा अभ्यासक, लिव्हरपूलचा गायक, मुंबईचे वादक, आणि चोवीस वर्षांनी लॉस एंजेलिसमधला एक पटकथालेखक. पिकार्डही दाराबाहेर न जाता एक जग जाणून येतो, तेव्हा हे नाव नुसतं शोभेला घेतलेलं नाही. ज्या शहरात मी रोज लोकलने ये-जा करते, तिथल्या एका खोलीत वाजलेली बासरी या साखळीच्या सुरुवातीला आहे, याचा मला मनापासून आनंद होतो.

नटांबद्दलही सांगायला हवं. पॅट्रिक स्ट्यूअर्टने या भागात वय ज्या रीतीने चढत नेलं आहे, ते रंगभूषेच्या पुढचं काम आहे. मायकेल वेस्टमोरची रंगभूषा उत्तमच, पण म्हातारा कामिन बाकावरून उठताना आधी हात टेकतो, मग क्षणभर थांबतो, मग उठतो, ते रंगभूषेने येत नाही. मोठा झालेला मुलगा बटाई म्हणून समोर उभा राहतो तो स्ट्यूअर्टचा खरा मुलगा डॅनियल. हे कळल्यावर बापलेकाचा प्रसंग पुन्हा पाहा. दोघांच्या कपाळाची ठेवण एक आहे. मार्गो रोझची एलीन तर मला सगळ्यात आवडते. नवरा अनोळखी नजरेने बघतोय, तरी ती सूप वाढते आणि वाट पाहते, आणि त्या वाट पाहण्यात कुठे बिचारेपण नाही.

नवख्या माणसाला ही मालिका दाखवायची तर याच भागापासून सुरू करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. गोष्ट कळेल, डोळेही भरतील, पण पिकार्डने काय मिळवलं आणि काय गमावलं ते कळणार नाही. हा माणूस मुलांपासून चार हात दूर राहणारा आहे. पहिल्या भागातच तो आपल्या सहकाऱ्याला सांगतो की मुलांशी मला जमत नाही. संसार त्याने करिअरसाठी बाजूला ठेवला आहे आणि त्याची रुखरुख तो कुणाला दिसू देत नाही.

म्हणून आधी चौथ्या सीझनमधला ‘फॅमिली’ पाहा. त्यात तो फ्रान्समध्ये भावाच्या द्राक्षमळ्यावर जातो, चिखलात भावाशी मारामारी करतो आणि रडतो. मग पाचव्यातला ‘डिझास्टर’, त्यात तो बंद पडलेल्या लिफ्टमध्ये तीन मुलांबरोबर अडकतो. त्यानंतर ‘द इनर लाइट’. आणि मग सहाव्या सीझनमधला, एप्रिल १९९३चा ‘लेसन्स’. त्यात नेला डॅरेन नावाची शास्त्रज्ञ यानावर येते, तिच्याकडे गुंडाळून ठेवता येणारा पियानो असतो. यानाच्या पोटातल्या दुरुस्तीच्या बोगद्यांत एका चौकात आवाज फार सुंदर घुमतो, हे तिने शोधून काढलेलं असतं. तिथे दोघं बसून वाजवतात, आणि ती बासरी कुठून आली हे पिकार्ड तिला सांगतो. रेसिकबद्दल तो मोकळेपणाने बोलतो तो इथे. ‘द इनर लाइट’ आणि ‘लेसन्स’ एकाच संध्याकाळी लागोपाठ पाहू नका. मध्ये थोडे दिवस जाऊ द्या.